खातंय की मागतंय?

मामेबहिणीचा फोन आला तेव्हा तिचे दोन हजार रुपये गेलेले होते. मोबाइलवर जाहिरात आली होती. सन कॉन्युअर या पिवळ्या विदेशी पोपटाच्या पिल्लांचे फोटो, खाली ‘टेम बेबी, हँडफीड, ट्रॅव्हल्सने पूर्ण महाराष्ट्रात पाठवू’, आणि भाव बाजारापेक्षा तिसऱ्या हिश्श्याने कमी. तिने बुकिंगचे पैसे टाकले आणि त्या रात्रीपासून समोरचा फोन लागेना. “दादा, आधी तुलाच विचारायला हवं होतं,” ती म्हणाली.

हवं होतं खरं. पण पैसे गेल्याचं मला फारसं वाईट वाटलं नाही. ते पिल्लू खरोखरच आलं असतं तर जास्त वाईट झालं असतं. तिने फोटो पाठवले ते मी पाहिले. पिल्लांच्या अंगावर पिसांच्या नुसत्या काड्या होत्या, फार तर चार आठवड्यांची असतील. असं पिल्लू खोक्यात घालून बसच्या डिकीतून रात्रभर आणायचं आणि सकाळी, आयुष्यात कधी पक्षी न पाळलेल्या माणसाच्या हातात पिल्लाला भरवायची सिरिंज द्यायची. यातून वाचणारी पिल्लंही असतात, पण त्यात विकणाऱ्याचं कर्तृत्व काही नसतं.

पुढचे तीन-चार महिने मी या एका खरेदीत गुंतलो. चांगला ब्रीडर, म्हणजे पक्ष्यांची पैदास करून विकणारा, कसा ओळखायचा असं लोक मला अधूनमधून विचारतात आणि मी तेच ते सांगतो: जागा बघा, कागद बघा, आईबाप बघा. या प्रकरणात त्यातलं बरंचसं पुरेसं ठरलं नाही, म्हणून ते सगळं लिहून ठेवतो आहे.

घर आणि हट्ट

बहीण पुण्यात फ्लॅटमध्ये राहते. ती आणि दाजी दोघं नोकरीला जातात. अकरा वर्षांची मुलगी दुपारी दोनला शाळेतून येते आणि बहिणीच्या सासूबाई दिवसभर घरी असतात. त्यांचं वय चौऱ्याहत्तर. हट्ट मुलीचा, पण आजींचंही त्यात अंग होतं. त्यांच्या माहेरी, वाईला, ओसरीवर पोपटाचा पिंजरा टांगलेला असायचा. “पोपट म्हणजे हिरवा, लाल चोचीचा, गळ्यात कंठ असलेला. विठ्ठल विठ्ठल म्हणायचा तो,” त्यांनी मला सुनावलं. “हे पिवळं काय आणताय?”

आजींना नाही म्हणणं अवघड होतं, पण तो पोपट आणता येत नाही. आपला देशी पोपट, मग तो कंठवाला असो की ज्याला विकणारे ‘पहाडी’ म्हणतात तो मोठा असो, वन्यजीव संरक्षण कायद्याने संरक्षित आहे. पकडणं, विकणं, विकत घेणं, घरात ठेवणं, सगळाच गुन्हा. तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. देशी पक्ष्यांच्या व्यापारावर १९९०-९१ पासून बंदी आहे. तरी दर उन्हाळ्याच्या तोंडाला ढोलीतून काढलेली पिल्लं टोपलीत घालून कोणीतरी फिरतंच. “हे पिंजऱ्यातच जन्मलंय” असंही सांगतात. देशी पोपटाच्या बाबतीत त्या वाक्याला कायद्यात किंमत नाही. आजी ऐकून गप्प झाल्या, मग म्हणाल्या, “म्हणजे आमच्या वडलांनी चोरीच केली म्हणायची.” मी म्हटलं, आजी, तेव्हा कायदा नव्हता.

विदेशी पोपट पाळता येतात, पण तिथेही दोन गट पडतात. बजरीगर, कॉकाटील आणि पीचफेस लव्हबर्ड हे वन्यजीवांच्या व्यापारावरच्या सायटीस या आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीबाहेर आहेत. बाकीचे विदेशी पोपट यादीत आहेत, कॉन्युअरसुद्धा. २०२२ च्या दुरुस्तीने आपल्या कायद्याची चौथी अनुसूची या यादीतल्या प्रजातींसाठी ठेवली गेली, १ एप्रिल २०२३ पासून ती लागू झाली आणि २०२४ च्या नियमांनी अशा प्राण्यांची केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंदणी करायला लावली. नवा पक्षी घेतला की तीस दिवसांच्या आत. आफ्रिकन ग्रे हा राखाडी पोपट तर २०१७ पासून करारातल्या सर्वांत कडक परिशिष्टात आहे. त्याची पैदास करणाऱ्याला मुख्य वन्यजीव संरक्षकांचा परवाना लागतो. दाजींच्या मनात ग्रे होता. किंमत आणि परवान्याचं प्रकरण ऐकल्यावर तो विषय जेवता जेवताच संपला.

राहिला कॉन्युअर. मुलीला सन कॉन्युअरच हवा होता, फोटोतला.

माझं एक जुनं पिल्लू

इथे थोडं माझं सांगितलं पाहिजे, नाहीतर पुढे मी एकाच गोष्टीला का धरून बसलो ते कळणार नाही.

वीसेक वर्षांपूर्वी मी पहिलं कॉकाटील घेतलं ते एका दुकानातून. पिल्लू चार आठवड्यांचं होतं. दुकानदार म्हणाला, “हातानं भरवा, मग बघा कसा लळा लागतो. मोठा झालेला घेतलात तर तुमचा होणार नाही.” फॉर्म्युलाचा, म्हणजे पिल्लाला कालवून भरवायच्या पिठाचा, डबा आणि सिरिंज फुकट दिली. किती गरम करायचं विचारलं तर म्हणाला, बोटाला कोमट लागलं की झालं. बोटाला काय कळतं? भरवायचं खाणं साधारण ३९ ते ४१ अंशांवर लागतं. थंड झालं तर गळ्याखालच्या पिशवीत, म्हणजे क्रॉपमध्ये, आंबतं आणि ४३ च्या वर गेलं तर क्रॉप आतून भाजतो. हे मला नंतर कळलं. माझ्या पिल्लाचं तसं काही झालं नाही. पाचव्या दिवशी घाईत भरवताना खाणं श्वासनलिकेत गेलं आणि ते माझ्या तळहातावरच गेलं. चूक माझी होती. पण माझ्यासारख्या नवख्याच्या हातात ते देणारा माणूस त्या दिवशी बहुतेक रात्री शांत झोपला असेल.

लळ्याबद्दलचं ते बोलणं मी आजही ऐकतो, अगदी त्याच शब्दांत. त्यामागचा हिशेब सोपा आहे. लहान पिल्लाला दिवसातून चार-पाच वेळा भरवायचं तर आहेच, पण खरी कसोटी शेवटच्या टप्प्यात लागते. पिल्लू सिरिंज सोडून स्वतः दाणा फोडायला, फळ कुरतडायला शिकतं तो काळ कंटाळवाणा असतो. कधी खातं, कधी नुसतं खेळतं, वजन उतरतं, पुन्हा एक वेळ भरवावं लागतं. कॉन्युअरला हे जमायला आठ ते दहा आठवड्यांचं वय यावं लागतं. तेवढे दिवस पिल्लू ठेवायचं म्हणजे फॉर्म्युला, वेळ आणि ब्रूडरमधली, म्हणजे पिल्लं ठेवायच्या उबदार पेटीतली, जागा. चार आठवड्यांचं असतानाच विकलं की हे सगळं गिऱ्हाइकाच्या गळ्यात, वर ‘लळा लागेल’ हे बक्षीस. प्रत्यक्षात माणसांच्या हाताखाली वाढलेलं, पूर्ण सुटं झालेलं पिल्लू नव्या घरात छान रुळतं. मी बहिणीला एकच अट घातली: जे पिल्लू स्वतः खातं आणि ते स्वतः खातं हे ज्याला दाखवून देता येतं, त्याच्याकडूनच घ्यायचं. बाकी सगळं नंतर.

सकाळचा ब्रीडर

पुण्याबाहेरच एकाकडे आम्ही एका रविवारी सकाळी गेलो. मी, बहीण, दाजी, मुलगी. तरुण मुलगा, बोलायला गोड. जागा लख्ख होती. स्टीलचे पिंजरे, खाली कागद बदललेला, पाण्याच्या वाट्या स्वच्छ. तिथला वास घेतला तर फिनाईलचा, विष्ठेचा नाही. माझ्या यादीतल्या निम्म्या खुणा इथेच झाल्या असत्या.

त्याने सन कॉन्युअरची तीन पिल्लं टेबलावर ठेवली. “सेल्फ आहेत सर, दहा आठवडे पूर्ण.” सेल्फ म्हणजे स्वतः खाणारी. मुलीने हात पुढे केला तसं एक पिल्लू तिच्याकडे धावलं. मान वरखाली हलवत, पंख थरथरवत, घोगऱ्या आवाजात एका लयीत ओरडत. बहिणीच्या डोळ्यांत पाणी आलं. “बघ ना दादा, किती माया लावतंय. पहिल्याच भेटीत!”

ते मागत होतं.

मान हलवणं, पंख थरथरवणं आणि ती एकसुरी ओरड ही भुकेल्या पिल्लाची भाषा आहे. आईसमोर ते हेच करतं आणि सिरिंजवाल्या माणसासमोरही. सुटं झालेलं पिल्लू नव्या माणसाकडे आधी रोखून बघतं, जरा मागे सरतं, मग धीर झाला की येतं. मी त्याच्या चोचीच्या दोन्ही कडांना हलकं बोट लावलं, तर त्याने लगेच पंप मारल्यासारखी मान हलवायला सुरुवात केली. ही खूण कोणालाही करून बघता येते. समोर राळ्याची वाटी होती आणि पिल्लू त्यात चोच मारतही होतं. तो मुलगा म्हणाला, “बघा, खातंय.” मी वाटी उचलली. खाली ओले, अख्खे दाणे पडलेले होते. फोलपट उडत होतं, दाणा पोटात जात नव्हता.

मी काही बोललो नाही. चहा घेऊ म्हटलं, आणखी थोडं बसू. घाई नसलेलं गिऱ्हाईक हे मोठं हत्यार असतं. चाळीसेक मिनिटांत पिल्लांनी एवढा गोंगाट केला की तो आतून सिरिंज घेऊन आला. “थोडं टॉपअप करतो.” दहा आठवड्यांची, सेल्फ झालेली पिल्लं.

मग मी आईबाप बघायला मागितले. “ब्रीडिंग रूम दाखवत नाही सर, घरच्यांना आवडत नाही.” पायातली नंबराची रिंग? रिंगा होत्या, पण उघड्या, चिमट्याने दाबून बसवलेल्या. अशी रिंग कोणत्याही वयात, कोणत्याही पक्ष्याला घालता येते. बंद रिंग पिल्लू दहा-पंधरा दिवसांचं असतानाच तीन बोटांवरून सरकवून घालावी लागते. पाय वाढला की ती ना आत जाते ना बाहेर येते. त्यामुळे बंद रिंग असलेलं पिल्लू त्या वयात कोणाच्या तरी हातात होतं, एवढं तरी नक्की कळतं. त्याच्याकडे नर-मादी सांगणारा डीएनएचा दाखला होता, पण त्यावर रिंग नंबरच नव्हता. म्हणजे तो कागद कोणत्याही पिल्लाचा असू शकत होता. आणि शेवटी, न विचारता, बोलण्याची गॅरंटी. सन कॉन्युअर बोलेल याची गॅरंटी फक्त त्याला कधीच न पाळलेला माणूस देऊ शकतो.

तो मुलगा लबाड होता असं मला आजही वाटत नाही. बोलता बोलता त्याच्या तोंडून ‘लॉट’ हा शब्द निसटला. पिल्लं त्याच्याकडे जन्मलेली नव्हती. कुठून तरी लॉटमध्ये आली होती आणि ज्याने दिली त्याने दहा आठवडे सांगितलं होतं. त्याने तेच आम्हाला सांगितलं. ब्रीडर म्हणवणारे बरेच जण असेच मधले असतात. त्यांना खरं वय, आईबाप, आजारपण यातलं काही माहीत नसतं, आणि प्रत्येक लॉटबरोबर दहा ठिकाणचे पक्षी एका खोलीत येतात.

मुलगी गाडीत रडली. ते पिल्लू तिच्याकडे धावत आलं होतं ना. भूक आणि माया यातला फरक अकरा वर्षांच्या मुलीला समजावणं मला जमलं नाही.

दुपारी फाटकावरून परत

साताऱ्याच्या अलीकडे एक निवृत्त शिक्षक आहेत. दहा-बारा जोड्या ठेवतात. ओळखीतल्या एका पशुवैद्याने त्यांचं नाव सांगितलं होतं. आम्ही दुपारी तीनला पोचलो. सर फाटकाशी आले आणि कडी न काढताच विचारलं, “आज अजून कुठं पक्षी बघितले का?”

दाजींनी खरं ते सांगितलं. सर म्हणाले, “मग आज नको. आठ दिवसांनी या. हे कपडे-चपला घालून येऊ नका.” पाणी बाहेरच दिलं. दाजींचा चेहरा पडला. दीडशे किलोमीटरचं येणं-जाणं, मुलगी आधीच रडवेली, आणि हा माणूस फाटक उघडायला तयार नाही. परतताना गाडीत बरंच काही बोललं गेलं.

मला मात्र त्या फाटकावरच बरं वाटायला लागलं होतं. पोपटांत चोच आणि पिसांचा एक विषाणूजन्य आजार असतो, पीबीएफडी. पिसांच्या भुकटीतून आणि विष्ठेतून पसरतो, कपड्यांवरून जातो, जागेत बराच काळ टिकतो, आणि त्याला औषध नाही. पक्षी वरून ठणठणीत दिसत असतानाही तो बाळगू शकतो. सकाळी त्या लॉटमधल्या पिल्लांना आम्ही सगळ्यांनी हात लावला होता. मुलीच्या फ्रॉकवर तर एक पिल्लू बसलं होतं. सरांनी आम्हाला आत घेतलं असतं तर मीच त्यांच्यावर विश्वास ठेवायला कचरलो असतो.

एक गंमत पाहा. सकाळच्या मुलानेही खोली दाखवली नाही आणि सरांनीही पुढे कधी पैदाशीच्या खोलीत पाऊल टाकू दिलं नाही. ‘आईबाप दाखवत नाही तो ब्रीडर खोटा’ हा नियम मी कित्येकांना सांगितलेला आहे. त्या नियमाने दोघंही नापास होतात. फरक एवढाच की सरांनी कारण सांगितलं (अंड्यावरची मादी परक्या माणसाला बिचकते, आणि संसर्ग), आणि पर्यायही दिला. दुसऱ्या खेपेला आम्ही अंगणात बसलो आणि ते मोबाइलवर व्हिडिओ कॉल लावून आत गेले. कुठल्या पिंजऱ्यापाशी जायचं ते मी सांगत होतो, ते त्यांनी आधी ठरवलेलं नव्हतं. आईच्या पायातला रिंग नंबर कॅमेऱ्यासमोर धरायला त्यांना पाच मिनिटं लागली आणि एकदा चावलीही ती त्यांना.

वही

हे दुसऱ्या खेपेचं. आठ दिवसांनी, धुतलेल्या कपड्यांत.

सरांनी आधी आमची परीक्षा घेतली. दिवसा घरी कोण? पंखा किती उंचीवर? स्वयंपाकघर बंद करता येतं का? नॉनस्टिक तवा आहे? तो रिकामा तापला की निघणाऱ्या वाफेने पक्षी काही मिनिटांत मरतो, म्हणाले, तेव्हा तवा बदला नाहीतर पक्षी नको. मांजर? दम्याचं कोणी? मग मुलीकडे वळले. “तुला कोणता पाहिजे?” “सन कॉन्युअर.” “तुमच्या इमारतीत किती बिऱ्हाडं?” “चोवीस.” सर हसले. “मग पहिल्या महिन्यात सोसायटीचं पत्र येईल.” सन कॉन्युअरचं ओरडणं खरंच कान फाडणारं असतं. सरांकडे त्याच्या तीन जोड्या होत्या, त्याची पिल्लं जास्त किमतीला जातात, आणि ते आम्हाला ग्रीनचीक जातीचा कॉन्युअर घ्या म्हणत होते. ग्रीनचीक आकाराने लहान, आवाज त्या मानाने बराच कमी, वजन साठ ते ऐंशी ग्रॅम, आणि नीट सांभाळला तर वीसेक वर्षं सोबत. “आणि रंग हिरवा,” ते आजींसाठी म्हणाले. आजी बरोबर आल्या होत्या या खेपेला. साताऱ्याकडे जायचं म्हटल्यावर घरी राहतील कशा.

तयार पिल्लं नव्हती. एप्रिल-मेच्या उन्हात ते अंडी घालायच्या पेट्या काढून ठेवतात, जोड्यांना विश्रांती देतात. पावसाळ्यात पुन्हा लावतात. तीन पिल्लं पाच आठवड्यांची होती, दसऱ्याच्या सुमाराला मिळतील म्हणाले. थोडे पैसे देऊन ठेवू का, असं दाजींनी विचारलं. नको म्हणाले, आधी सुटी होऊ देत.

आम्ही दसऱ्याच्या आदल्या आठवड्यात परत गेलो तेव्हा मी मागणार होतो ती गोष्ट त्यांनी मागण्याआधीच पुढे केली. शाळेतली दोनशे पानी वही. प्रत्येक पिल्लाला एक पान, रोज सकाळी भरवण्याआधी, रिकाम्या क्रॉपचं वजन. स्वयंपाकघरातला एक ग्रॅमचा काटा, त्यावर प्लास्टिकचा डबा.

मी सरळ शेवटच्या तीन आठवड्यांवर गेलो. एका पानावर असं होतं: ७४, ७५, ७३, ७१, ६९, ६७, ६६, ६६, ६७, ६७, ६८. बाजूला ‘सकाळचं बंद’, चार ओळी खाली ‘दुपारचं बंद’, आणि एका ठिकाणी ‘६६, रात्री पुन्हा दिलं’.

पिल्लू सुटं होताना वजन उतरतं. कमाल वजनाच्या दहा-बारा टक्के उतरणं नेहमीचं आहे. ते उडायला शिकत असतं आणि नव्या खाण्यात अजून तरबेज झालेलं नसतं. उतरून पुन्हा स्थिरावलं की समजायचं, खातंय. सिरिंजवर ठेवलेल्या पिल्लाचं वजन असं लवत नाही. आणि खोटी वही लिहायला बसलेला माणूस वजन चढतंच लिहील, कारण त्याला वाटतं चढतं वजन म्हणजे चांगलं. ती ‘६६, रात्री पुन्हा दिलं’ ही ओळ मला सगळ्यात खरी वाटली. फिनाईलचा वास एका सकाळीत आणता येतो, रिंगा दाबता येतात, दाखले छापता येतात. तीन आठवडे रोज सकाळी काटा लावल्याशिवाय अशी वही होत नाही.

तरी तासभर बसून पाहिलंच. ग्रीनचीकच्या पिल्लाने मुलीकडे पाहिलं, मान तिरकी केली, दोन पावलं मागे गेलं. सरांनी वाटीत मक्याचे दाणे, भिजवलेली हरभऱ्याची डाळ आणि हिरव्या मिरचीचा तुकडा ठेवला. त्याने मिरचीच आधी उचलली, पायात धरली आणि बिया वेचून खाल्ल्या. आजी खूश. “आमचाही असाच खायचा!” मुलीला आश्चर्य वाटलं, तिखट लागत नाही? नाही लागत. मिरचीतला तिखटपणा पक्ष्यांना जाणवतच नाही.

जिथे सर कमी पडले

तीनपैकी दोघांच्या पायात बंद रिंगा होत्या. तिसऱ्याला नव्हती. सरांनी स्वतःच सांगितलं: त्या आठवड्यात ते लग्नाला गेले होते, परत आले तोवर पाय जाड झाला होता. अर्थातच मुलीला तेच आवडलं.

इथे आमच्यात मतभेद झाला. बहीण म्हणाली, सर खरं बोलतायत, मग रिंगेचं काय एवढं? मी म्हटलं, सरांवर माझा विश्वास आहे, पण उद्या नोंदणीत, चोरीत किंवा पक्षी उडून कोणाकडे सापडला तर सरांचा शब्द तिथे नसेल, पायातला नंबर असेल. शिवाय दाखले कोणत्या नंबराला जोडायचे? शेवटी रिंगवालं घेतलं. मुलगी परत नाराज. मला अजून वाटतं की मी बरोबर होतो, आणि तिला वाटतं की नव्हतो.

आणखी एक उणीव. पीबीएफडीच्या चाचण्या आईबापांच्या होत्या, पण दोन वर्षांपूर्वीच्या. दोन वर्षांत त्यांच्याकडे नवे पक्षी आले होते. मी पिल्लाची ताजी चाचणी मागितली. त्यांना ते आवडलं नाही, चेहऱ्यावर दिसलं. पण नाही म्हणाले नाहीत. पीबीएफडी, पॉलिओमा हा आणखी एक विषाणू आणि क्लॅमिडिया अशा तीन. शेवटचीसाठी मी हटूनच बसलो, कारण तो जिवाणू माणसालाही न्यूमोनिया करतो आणि घरात चौऱ्याहत्तर वर्षांच्या आजी होत्या. त्याच नमुन्यातून नर-मादीचीही, कारण ग्रीनचीकमध्ये ते दिसून कळत नाही. खर्च आमचा, निकाल येईपर्यंत पिल्लू त्यांच्याकडे, प्रत्येक अहवालावर रिंग नंबर. बारा दिवस गेले. तिन्ही अहवाल निर्दोष आले.

पावती छापील नव्हती. साध्या कागदावर लिहून घेतलं: प्रजाती, रिंग नंबर, जन्मतारीख, आईबापांचे रिंग नंबर आणि त्यांच्या नोंदणीचा तपशील, विक्रीची तारीख, रक्कम. सात दिवसांत आमच्या पशुवैद्याला काही खोट आढळली तर परत. आणि एक ओळ सरांनी स्वतःहून घातली: सांभाळणं जमलं नाही तर कधीही आणून द्यावा, दुसऱ्याला विकू नये. दोघांच्या सह्या.

ट्रॅव्हल्सने पाठवता का, असं दाजींनी नुसतं गमतीने विचारलं. सर हसलेसुद्धा नाहीत.

घरी आल्यावर

पहिल्या तीन दिवसांत वजन ६९ वरून ६५ वर आलं. बहिणीने रात्री साडेअकराला मला फोन केला, मी सरांना केला. त्यांनी पहिल्याच रिंगला उचलला. “वाटी कुठं ठेवलीय?” पिंजऱ्याच्या तळाशी. “वर बांधा, बसायच्या काठीजवळ. माझ्याकडं तिथं होती.” दुसऱ्या दिवशी ६६, आठवड्याने ६९. मोठं काही नव्हतं. पण असा फोन लावायची वेळ प्रत्येक नव्या घरावर येते, आणि तेव्हा समोर कोण आहे हे खरेदीच्या दिवशीच ठरलेलं असतं.

पशुवैद्याने तपासलं: छातीच्या हाडाच्या दोन्ही बाजूंना मांस भरलेलं, श्वास घेताना शेपूट हलत नाही, नाकपुड्या कोरड्या. वीस मिनिटांत झालं.

नोंदणीला दाजी बसले. पोर्टल दोनदा अडकलं, तिसऱ्या दिवशी अर्ज गेला. तीस दिवसांतले एकवीस संपले होते.

मुलीने नाव आधीच ठरवून ठेवलं होतं, राघू. अर्जात भरायला डीएनएचा अहवाल काढला, तर त्यावर मादी. मुलगी हिरमुसली. “आजी, आता काय करायचं?”

आजी डाळ भिजत घालत होत्या. “राघू नसेल तर मैना म्हणावं लागेल,” त्या म्हणाल्या. मग पिंजऱ्याकडे एकदा बघून, “पण मिरची खाते ती. मैना कुठली? राघूच.”